समुद्र असून काय उपयोग? माझ्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची चिकित्सा

आज दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधावर नाही, माझ्याच सिनॉप्सिसवर टीका करायला बसले आहे. पेट पास होऊन आता आरआरसीची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचा एकच प्रश्न असतो, ‘प्रस्तावना कशी लिहू?’ कशी लिहू नये, ते मला आता चांगलंच माहीत आहे.

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं: ‘भारताला ७,५०० किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभलेला असूनही आंतरराष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धांमध्ये भारताची कामगिरी निराशाजनक राहिली आहे.’

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या पट्टाया इथं एएफसी बीच सॉकर आशियाई करंडक झाला. भारतीय संघ त्यात २००७ नंतर पहिल्यांदाच उतरला होता, आणि गटसाखळीच्या पुढे काही गेला नाही. विषय ताजा होता, आपल्याकडे त्यावर फार कुणी लिहिलेलं नव्हतं. मी आठवड्याभरात सिनॉप्सिस टाईप करून टाकला.

आरआरसीत बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञ सरांनी पहिलं पान वाचलं आणि शांतपणे विचारलं, ‘मॅडम, परवाच्या वर्ल्ड कपची फायनल कुणाकुणात झाली?’ मी म्हणाले, ‘ब्राझील आणि बेलारूस.’ सर म्हणाले, ‘बेलारूसला समुद्र कुठं आहे?’

उत्तर नव्हतं. सुधारणा करून पुन्हा या, असा शेरा मिळाला. त्यात सहा महिने गेले आणि तेवढ्यात ज्या फेलोशिपवर माझी भिस्त होती तिच्या अर्जाची मुदत निघून गेली. घरी सांगताना ‘एका वाक्यामुळे’ असं सांगितलं, तर आईला ते खरंच वाटेना. म्हणून त्या एका वाक्याचं काय चुकलं, ते आज सविस्तर लिहिते.

आधी खेळाविषयी थोडक्यात, कारण तुमच्यातले बरेच जण शारीरिक शिक्षणाचे नसतील. बीच सॉकर म्हणजे वाळूवर अनवाणी खेळायचं फुटबॉल. एका संघात गोलरक्षक धरून पाच खेळाडू, बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, बदली खेळाडू हवे तितक्या वेळा. फ्री किकला समोर भिंत उभी करता येत नाही. बरोबरी हा निकालच नसतो. वेळेत जिंकलं तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलं तर २, पेनल्टीवर जिंकलं तर १. (गुणतक्त्यावरून सांख्यिकी करणार असाल तर हे लक्षात ठेवा, तिथं ‘विजय’ सगळे सारखे नसतात.) गोल भरपूर पडतात. २०२४ च्या दुबईतल्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला ६-४ असं हरवलं. फिफाने ही स्पर्धा २००५ मध्ये आपल्याकडे घेतली, त्याआधी १९९५ पासून रिओमध्ये तिची आधीची आवृत्ती सुरू झाली होती. हल्ली अंतिम फेरीत १६ संघ असतात आणि त्यात यजमान सोडून आशियाला तीन जागा मिळतात.

आता वाक्याकडे येऊ. त्यातला सगळ्यात धोकादायक शब्द कोणता? ‘निराशाजनक’ नाही. तो नुसता ढिला शब्द आहे, गाईड खोडतातच. धोकादायक शब्द आहे ‘असूनही’. ‘किनारा असूनही कामगिरी वाईट’ असं म्हटलं की किनारा असला म्हणजे कामगिरी चांगली व्हायला हवी, हे मी न सांगता गृहीत धरलेलं असतं. म्हणजे ही एक पूर्ण परिकल्पना आहे. किनारा हा स्वतंत्र चल, कामगिरी हा आश्रयी चल, आणि दोघांत कार्यकारणसंबंध. पण मी ती परिकल्पनेच्या रकान्यात लिहिली नाही. प्रस्तावनेत, एका अव्ययाच्या पोटात लपवली. तिथं लपवलेलं कुणी तपासत नाही, तपासायला लागत नाही, आणि पुढची शंभर पानं त्यावर उभी राहतात.

मग ती परिकल्पना उघड्यावर आणून बघू या.

मे २०२५ मध्ये सेशेल्समध्ये विश्वचषक झाला. आफ्रिकेत पहिल्यांदाच. अंतिम सामन्यात ब्राझीलने बेलारूसला ४-३ असं हरवलं. बेलारूस हा भूवेष्टित देश, म्हणजे चारही बाजूंनी जमीन. बरं, हा एखादा अपघात असेल म्हणावं तर २००९ च्या अंतिम फेरीत ब्राझीलसमोर स्वित्झर्लंड होता. हरला १०-५ असा, पण अंतिम फेरीत होता, आणि २०२१ मध्ये तिसरा आला. २०१९ चा विश्वचषक तर पॅराग्वेतल्या लुके शहरात झाला. पॅराग्वेलाही समुद्र नाही. तिथल्या त्या मैदानाचं नाव ‘लोस पिनांदी’, ग्वारानी भाषेत पिनांदी म्हणजे अनवाणी. समुद्राशिवाय विश्वचषक भरवला आणि नाव दिलं पायांवरून! मला हे फार आवडलं, पण सिनॉप्सिस लिहिताना हे माहीत नव्हतं. शोधलंच नव्हतं.

उलट बाजूने पाहा. इंडोनेशियाचा किनारा जगातल्या सर्वांत लांब किनाऱ्यांपैकी एक. या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तो देश दिसत नाही.

इथं थांबून ‘झालं, किनाऱ्याचा काही संबंध नाही’ असं लिहायचा मोह होतो. मी सुधारित मसुद्यात तेच केलं आणि आमच्या मॅडमनी तेही खोडलं. का, ते नीट समजून घ्या, कारण ही चूक पहिल्या चुकीपेक्षा जास्त हुशार दिसते. जगात चाळीसहून अधिक भूवेष्टित देश आहेत. मी त्यातले तीन उचलले, आणि ते तीनच का? तर ते चमकले म्हणून माझ्या नजरेत आले. बाकीचे कुठं आहेत? यशस्वी उदाहरणं वेचून त्यावर सिद्धांत बांधणं म्हणजे निवडीचा पूर्वग्रह. शिवाय आशियाच्या तीन जागा २०२५ मध्ये ज्यांनी घेतल्या ते इराण, जपान आणि ओमान तिघेही किनाऱ्याचे देश आहेत. तीन उदाहरणांवरून इतकंच म्हणता येतं की किनारा ही आवश्यक अट नाही. तो मदत करतो की नाही, हा प्रश्न उघडाच राहतो. ‘आवश्यक नाही’ आणि ‘संबंध नाही’ या दोन विधानांत केवढं अंतर आहे, ते व्हायवात कळतं.

आता त्या ७,५०० च्या आकड्याकडे. मी तो संदर्भ न देता टाकला होता, कारण शाळेपासून पाठ आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी नोंदीतच तो बदलला. आधीचा आकडा ७,५१६.६ किलोमीटर, नवा ११,०९८.८ किलोमीटर. जवळजवळ ४८ टक्के वाढ! भारताने कुठली जमीन जिंकली नाही की समुद्र मागे हटला नाही. १९७० च्या दशकातली मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर होती, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ४५ किलोमीटर. नवी मोजणी १:२,५०,००० वर, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. बारीक नकाशात खाड्या, वळणं, छोटे दंतुर भाग सगळे दिसायला लागतात आणि लांबी वाढते. अजून बारीक मोजलं तर अजून वाढेल. मॅन्डेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न मांडला होता.

आता सांगा, माझा ‘स्वतंत्र चल’ काय होता? एक अशी लांबी, जी फूटपट्टी बदलली की बदलते. आणि समजा ती पक्की असती तरी त्या किनाऱ्यात रत्नागिरीचे खडक आले, सुंदरबनाची खारफुटी आली, बंदरं आली. वाळूची सपाट पुळण किती? खेळता येईल अशी किती? मला मोजायचं होतं एक, आणि मी मोजत होते दुसरंच. कार्यात्मक व्याख्या प्रकरण एकमध्ये लिहायला सांगतात ती याचसाठी. ती भरायची औपचारिकता आहे असं मला कोर्सवर्कमध्ये वाटायचं. आता नाही वाटत.

हे सगळं झाल्यावर मी जरा चिडूनच एक हिशेब केला. खेळाला समुद्र लागत नाही, वाळू लागते. किती? नियमाप्रमाणे मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ मीटर रुंद, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वाळूचा थर किमान ४० सेंटिमीटर. मधलं माप धरू, ३६ गुणिले २७ म्हणजे ९७२ चौरस मीटर. त्याला ०.४ ने गुणलं की साधारण ३८९ घनमीटर. आपल्या मराठवाड्यात वाळू घनमीटरने कोण विचारतं, ब्रासने विचारतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. उत्तर येतं १३७ ब्रास. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची धरली तर १३७ ट्रॉल्या, आणि यात रेषेबाहेरची मोकळी जागा धरलेलीच नाही. मी एका बिल्डिंग मटेरियलवाल्या काकांना फोन करून १३७ ब्रासचा भाव विचारला. ते म्हणाले, ‘ताई, साईट कुठं आहे? किती मजली?’ खेळायला पाहिजे म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही हे त्यांचे उपकार. वर हेही सांगितलं की नदीच्या वाळूत खडे असतात, चाळून घ्यावी लागेल. नियमातही हेच आहे, मैदानात खडे-शिंपले चालत नाहीत.

पैठणची गोदावरी आपल्यापासून ५० किलोमीटरवर. वाळूघाटांचे लिलाव, रात्रीची वाहतूक, तहसीलच्या आवारात उभे जप्त ट्रॅक्टर, हे आपण रोज पेपरात वाचतो. म्हणजे माझ्या भागात ‘वाळू’ हा शब्द आला की तो भूगोलाचा राहत नाही, पैशाचा आणि परवानगीचा होतो. हा चल मला पट्टायाच्या बातम्यांतून कधीच सापडला नसता. तो संभाजीनगरात बसूनच सापडला. ‘आपण मराठवाड्यातले, बीच गेम्सवर आपण काय संशोधन करणार’ असं मला विचारणाऱ्या मैत्रिणींनी हे वाचावं म्हणून एवढा लांबवला हा हिशेब.

देशातलं चित्र पाहा. २०२३ च्या जानेवारीअखेर सुरतच्या डुमस किनाऱ्यावर पहिली राष्ट्रीय बीच सॉकर अजिंक्यपद स्पर्धा झाली. केरळने अंतिम सामना १३-४ असा जिंकला. कुणाविरुद्ध? पंजाब. त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मात्र अंतिम सामना केरळ आणि गोवा असा झाला, पुन्हा केरळच जिंकलं. दोन सामन्यांतले चार अंतिम संघ, त्यात एक भूवेष्टित. यावरून काय म्हणाल? मी काहीच म्हणणार नाही, चार हा नमुनाच नाही.

असंच एक आमिष मला दीवने दाखवलं. मे २०२५ मध्ये तिथं घोघला किनाऱ्यावर पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या आणि सर्वसाधारण विजेतेपद मणिपूरने घेतलं. समुद्रापासून लांब, डोंगरातलं राज्य! मी ते लगेच सिनॉप्सिसमध्ये चिकटवणार होते. पण त्या स्पर्धेत पेंचाक सिलाट आणि सेपाक टकरासारखे खेळही होते, ज्यांत मणिपूरची तयारी जुनी आहे. पदकांच्या एकूण बेरजेवरून बीच सॉकरबद्दल बोलणं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं सरासरी वय काढून आजोबांना तरुण ठरवण्यासारखं आहे. माझ्या बाजूचा पुरावा मिळाला की हात आपोआप कॉपी-पेस्टकडे जातो. तेव्हाच थांबायचं असतं.

अजून एक पदर आहे आणि तो मला अजूनही पुरता सुटलेला नाही. ‘राष्ट्रीय संघ’ म्हणजे काय? माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक देश. पण २०१५ आणि २०१७ च्या अंतिम फेरीत खेळलेला ताहिती हा स्वतंत्र देश नाही. तो फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग, म्हणजे फ्रान्सच्या अखत्यारीतला, पण फिफाचा स्वतंत्र सदस्य. मग त्याची लोकसंख्या, उत्पन्न, किनारा कुठल्या रकान्यातून घ्यायचा? २०२१ मध्ये मॉस्कोत जिंकलेला संघ रशियाच्या नावाने नाही, रशियन फुटबॉल संघटनेच्या नावाने खेळला, उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातल्या कारवाईमुळे. आणि २०२२ पासून रशियावर बंदी आहे, त्यामुळे २०११, २०१३ आणि २०२१ असे तीनदा जिंकलेला संघ २०२४ आणि २०२५ च्या तक्त्यात नाहीच. त्याची रिकामी जागा कुणीतरी भरली, कुणाचा तरी क्रमांक त्यामुळे वर सरकला. मी वर बेलारूसचं उदाहरण एवढ्या तोऱ्यात दिलं, पण रशिया असता तर ते कुठे असतं? विश्लेषणाचं एकक ठरवणं म्हणजे तक्त्याच्या पहिल्या रकान्याला शीर्षक देणं नव्हे, हे इथं कळतं. राजकारण आधीच त्या रकान्यात येऊन बसलेलं असतं.

मग भारत का मागे? मूळ प्रश्न टाळते आहे असं वाटू नये म्हणून माझं मत सांगते, मत म्हणूनच घ्या. मला किनाऱ्यापेक्षा १८ हा आकडा महत्त्वाचा वाटतो. २००७ मध्ये एकदा आशियाई स्पर्धेत उतरलो, त्यानंतर थेट २०२५. त्यात पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा २०२३ ची. २००७ मध्ये वीस वर्षांचा असलेला खेळाडू २०२५ मध्ये अडतीसचा झाला. मधल्या काळात कुणी कुणाला शिकवलं, वाळूवर पहिला पास कसा उचलून द्यायचा, ओव्हरहेड किक कशी बसवायची? पिढीची साखळीच तुटलेली. अशा संघाची कामगिरी ‘निराशाजनक’ म्हणायला आधी काही आशा ठेवण्यासारखी व्यवस्था तरी असायला हवी होती.

आपल्या शहराकडे बघून मला हे जास्त पटतं. तलवारबाजी काही मराठवाड्याच्या मातीतली नाही, ऑलिम्पिकमधली तलवारबाजी युरोपातून आलेली. तरी राष्ट्रीय पातळीवरचे तलवारबाज इथून निघतात, कारण विद्यापीठ परिसरात ‘साई’चं केंद्र आहे, प्रशिक्षक आहेत, मोठ्या मुली लहान मुलींना रोज डोळ्यांसमोर खेळताना दिसतात. (हो, हेही एकच वेचलेलं उदाहरण आहे. मॅडम खोडतील.)

म्हणून सुधारित सिनॉप्सिसमधून मी किनारा काढून टाकला आहे. ‘असूनही’ काढला, ‘निराशाजनक’ काढला. प्रश्न आता असा आहे: सुरत २०२३ आणि गोवा २०२३ या स्पर्धांत खेळलेल्या संघांतील खेळाडूंना एका वर्षात वाळूवर किती स्पर्धात्मक सामने आणि किती सराव सत्रं मिळाली, आणि ती सोय कुणी केली? दिसायला फारच छोटा प्रश्न. पहिल्यांदा लिहिला तेव्हा मलाच लाज वाटली, एवढ्याशा प्रश्नाला पीएच.डी. म्हणायचं का! पण याचं उत्तर शोधायचं तर खेळाडूंना भेटावं लागेल, राज्य संघटनांकडून वेळापत्रकं मागावी लागतील, आणि उत्तर माझ्या मताच्या विरुद्धही येऊ शकतं. पंजाबच्या मुलांना केरळच्या मुलांपेक्षा जास्त सराव मिळाला होता असं निघालं तर १३-४ चं काय करायचं, ते मला आज माहीत नाही.

तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान उघडा आणि त्यात ‘असूनही’, ‘असताना देखील’, ‘साहजिकच’, ‘लाभलेला’ हे शब्द कुठं आहेत ते पेन्सिलने गोल करा. माझ्या पानावर अकरा गोल झाले. त्यातले चार मी अजून सोडवते आहे, आणि आरआरसीची पुढची तारीख सोळा दिवसांवर आहे.